फाटकावरचा भोंगा

प्रिय धाकट्या,

चौदा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकू नकोस. आपल्या कारखान्याचा आगीचा भोंगा सापडला. फाटकाच्या भिंतीवरचा, तोच. कारखाना मोडीत निघाला तेव्हा भंगारात गेला होता. गेल्या आठवड्यात भंगारवाल्याने घरी आणून दिला. तुमच्याशिवाय हे धूड कोण घेणार, म्हणाला.

माझा हा नाद तुझ्या कानावर आला असेलच. पलंगाखाली, कपाटावर, माळ्यावर मिळून एकतीस जुने भोंगे आहेत. तुझी वहिनी म्हणते, एक भोंगा लग्न करून पदरात घेतला, तेवढा पुरे नव्हता का? मी हसतो, पण हल्ली हसायलाही दम लागतो.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा विरंगुळा. विरंगुळा कसला! या बनावटीचे भोंगे आपोआप मुके होतात, हे मला सिद्ध करायचं होतं. आतला पडदा गंजत असेल, वायर निसटत असेल, काहीही. म्हणजे तुझ्यावरचा खोटारडेपणाचा शिक्का पुसता आला असता. बुधवारी तू वहीत 'भोंगा तपासला, ठीक' लिहिलंस, शुक्रवारी आग लागली तेव्हा तो वाजलाच नाही, आणि पॅकिंगमधल्या मावशी आतच राहिल्या. चौकशीवाल्यांनी शिडी चढून भोंग्यात डोकावलंही नाही. वायरमनने न तपासता सही ठोकली, एवढं त्यांना पुरलं. तुझी नोकरी गेली, तू गाव सोडलंस. मी शोकसभेत दीड तास मालकाला झोडपलं.

एकतीसच्या एकतीस भोंगे उघडले. गंजलेले, चेपलेले, उंदरांनी कुरतडलेले. साफ करून बॅटरी जोडली की एकूणएक बोंबलतात. शेजारी भांडायला येतात. दर वेळी माझी एक पळवाट बंद व्हायची.

काल आपला उघडला. कर्ण्याच्या पार घशात कापड ठासलेलं होतं. आपल्या युनियनच्या फलकाचं.

ते मी कोंबलं होतं, धाकट्या. त्या बुधवारी दुपारी फाटकावर माझी सभा होती. आजच्या दिवस भोंगा नको, भाषणाचा विचका होतो, असं मी तुला म्हटलं. दादा, तुझं भाषण उद्याही होईल, तपासणी आजच, असं म्हणून तू निघून गेलास. मग मी शिडी लावली. तू आत मशीनच्या खडखडाटात बटण दाबलंस, दिवा लागला, तू सही केलीस. सभा संपल्यावर कामगारांनी मला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी कापड काढलं, अशी मी आजवर स्वतःची समजूत घालत आलो. चौकशीत तुला खोटारडा म्हणत होते तेव्हा गप्प बसलो, तो याच समजुतीच्या जोरावर. ज्याच्या आवाजाला मालक टरकायचा, तो मी!

येत्या शुक्रवारी मावशींच्या स्मृतिदिनाला जुने कामगार जमतील. भाषण माझंच आहे. मावशींची मुलगी पुढच्या रांगेत असते. तिच्यासमोर हे सगळं सांगणार आहे. ते चारचौघांत जाण्याआधी तुला कळावं, म्हणून लिहिलं. माफी मागायचं तोंड मला नाही. पण आलास, तर मागे भिंतीला टेकून उभा राहू नकोस. मावशींच्या मुलीशेजारी बस.

तुझाच, थकलेला,
दादा