डावखुरीचा बेल्ट गेला

पप्पा,

काल सकाळी डावखुरी हरली. तुम्ही तिला ओळखत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती कुठल्यातरी परदेशी गावात शाळेत जात असेल. पण ती हरली, तिचा बेल्ट गेला, आणि हे ज्याला सांगावं असं माणूस माझ्याकडे नाही. घरी यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, वो सब लिखा हुआ रहता है. तू कायला एवढा जीव जाळून राहिली?" स्टाफरूममध्ये तर सोयच नाही. चाळिशीला टेकलेली गणिताची बाई टीव्हीवरची कुस्ती बघते, हे देडतलाईच्या शाळेत कोणाला माहीत नाही. म्हणून सातवीच्या मुलांना चाचणी देऊन मी मागच्या बाकावर बसले आहे आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेवर तुम्हाला लिहिते आहे. मुलांना वाटतंय मी पेपर तपासते आहे.

तो शो आता आपल्याकडे मंगळवारी पहाटे सुरू होतो आणि माझी बस निघते तेव्हा अर्ध्यावर आलेला असतो. मी खिडकीशी बसते, पदराखालून इयरफोन घेते आणि फोन पुस्तकाच्या आत धरते. खकनारच्या पुढे जंगल लागलं की रेंज जाते. काल नेमकी तिची मॅच सुरू झाली आणि चित्र थांबलं. ती कोपऱ्यात उभी, डावा हात वर केलेला. दहा मिनिटं ती तशीच उभी होती. शेजारची बाई म्हणाली, "मॅडम, फोन हँग झाला काय?" रेंज आली तेव्हा दुसरीच कोणीतरी बेल्ट खांद्यावर टाकून दोरांवर चढली होती, आणि डावखुरी रिंगच्या बाहेर, केस तोंडावर आलेले. नंतर पाहिलं. चार मिनिटंसुद्धा चालली नव्हती मॅच. सहा महिने चॅम्पियन राहिलेल्या बाईला चार मिनिटं!

तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर राग समजायचा नाही. डावखुरी आणि तिची एक उंच मैत्रीण, दोघी जोडीनं आल्या. तीन वर्षं जोडीनं खेळल्या, जोडीचे बेल्ट जिंकल्या. मग एका मोठ्या शोमध्ये, ऐन जिंकायच्या वेळी, उंच मैत्रिणीनं मागून तिच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली. मी त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची विसरले. पुढं आठ महिने ते भांडण इतकं सुरेख चालवलं त्यांनी, की काय सांगू. मैत्रीण दर वेळी तिच्या डाव्या हातावरच घाव घालायची, म्हणून ही उजव्या हातानं जिंकायला शिकली. त्या उजव्या हातानंच तिनं बेल्ट घेतला. आता दोघींची शेवटची मॅच होणार, बेल्ट पणाला लागणार, सगळं जुळून आलं होतं. आणि मग त्यांनी खेळाडूंची वाटणी केली. आता तिकडे दोन वेगळे शो असतात, दोन्हींचे खेळाडू वेगळे, आणि वर्षातून एकदा इकडचे तिकडे करतात. उंच मैत्रिणीला उचललं आणि दुसऱ्या शोला टाकलं. भांडण अर्धवट! तिथं ती आता कोणा तिसरीशीच भांडते आहे, जणू ही कधी नव्हतीच. आणि इकडे डावखुरीला तीन वर्षं घरी बसून परत आलेल्या एका जुन्या चॅम्पियनपुढं आडवी केली, का तर जुनीचं नाव मोठं. आता म्हणे तिला नवशिक्यांच्या शोला पाठवणार आहेत. तिथं जाऊन ती कोणाला काय शिकवणार? कसं गप्प बसायचं ते?

यांना वाटतं, कोण जिंकणार हे आधीच लिहिलेलं असतं म्हणजे रागवायचं कारण नाही. मला उलटं वाटतं. ती खरोखर हरली असती तर मी म्हटलं असतं, कमी पडली, जाऊ दे. पण ती कमी पडली नाही. कोणीतरी एका खोलीत बसून, तिला न विचारता ठरवलं की तुझं एवढंच. याचा राग येतो. आणि हा राग तुम्हाला समजला असता, कारण निळ्या चड्डीवाल्यासाठी तुम्ही असेच चिडायचात.

निळ्या चड्डीवाला आठवतो ना? रविवारी दुपारी आपल्या इथल्या लालबागच्या कापड कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही यायचात, भुवयांवर सुताचा भुरका घेऊनच पलंगावर बसायचात, आणि लोखंडी कपाटावरचा टीव्ही मी स्टुलावर चढून लावायची. निळ्या चड्डीवाला दर रविवारी हरायचा. नव्या पैलवानाला मोठं करायचं असलं की त्याला पुढं करायचे. सगळी गल्ली त्याला हसायची, तुम्ही नाही. "पाहाय बेटा," तुम्ही म्हणायचात, "मारनाऱ्याकडे नको पाहू. पडनाऱ्याकडे पाहाय. मारनं तं कोनालाही जमते. हा कसा पडला पाहाय, पाठ आधी, डोकं वर, हात जमिनीवर फाट्‌कन. याच्याच जिवावर तो दुसरा पैलवान दिसून राहिला." तुम्ही कारखान्यात जॉबर होता, बारा माग तुमच्या हाताखाली. फार नंतर मला कळलं की हरण्यासाठीच ठेवलेल्या अशा पैलवानाला तिकडे जॉबरच म्हणतात. तुम्हाला सांगायला मिळालं असतं तर किती हसला असता.

पडायचं कसं ते तुम्हीच मला शिकवलं. घरातल्या चारही गोधड्या एकावर एक घालून. हनुवटी छातीला, श्वास सोडायचा, तळवे आपटायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरीचे हातपाय मोडसान एखाद दिवशी!" आणि तुम्ही म्हणायचात, "अवं, न मोडाचंच तं शिकवून राहिलो." मी आठवीत होते. माझ्याएवढी सुखी मुलगी लालबागमध्ये दुसरी नव्हती. फक्त एक गोष्ट होती. बायकांची कुस्ती लागली की तुम्हाला तहान लागायची. "जाय बेटा, पानी आन." मी तांब्या भरून येईपर्यंत टीव्हीवर बातम्या. एकदा मी आधीच तांब्या भरून तुमच्या उशाशी ठेवला. बायकांची कुस्ती लागली. तुम्ही तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "आईला म्हनाव, चहा ठेव." त्या बायकांचे कपडे तेव्हा होतेही तसेच आणि कुस्ती दोन मिनिटांची, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की माझ्यासारख्या कोणीतरी तिथं आहेत आणि त्यांना मी बघायचं नाही.

नववीत शाळेत खेळाच्या नवीन मॅडम आल्या. त्यांनी गादी आणली, मुलींची खरी कुस्ती सुरू केली. मला पडायला येत होतं, बाकीच्यांना त्याचीच भीती, म्हणून मी दोन महिन्यांत पुढं गेले. खंडव्याला निवड होती. फॉर्मवर वडिलांची सही लागत होती, आणि तुम्ही सही करणार नाही असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुम्ही फॉर्म वाचला, घडी केली आणि टीव्हीवर ठेवून दिला. चार दिवसांनी मॅडम स्वतः घरी आल्या.

"हिची पकड फार चांगली आहे," त्या म्हणाल्या. "शाळेतून तिघीच जातायत. मी सोबत आहे. सही करा."

"मॅडम, चहा घ्या ना तुम्ही," तुम्ही म्हणालात. मग टीव्हीवरचा फॉर्म उचलून त्याची पुन्हा घडी घातलीत. "टीव्हीत पाहनं अलग आहे, मॅडम. पोरीनं उतरनं अलग. उद्या मान मोडली तं तिला जिंदगीभर कोन पाहीन?"

"गादीवर असते हो कुस्ती. मातीत नाही."

"गादी असो का माती असो. मान तं तिचीच ना?"

आई चहा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मंग गोधडीवर कायले आपटत होता तिला?" तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही. मॅडम अर्धा चहा ठेवून गेल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "मला पडायला कशाला शिकवलं मग?" असं ओरडले, आणि मोठ्यानं रडले, इतकी की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायला लागल्या.

त्यानंतर चार महिने मी तुमच्याशी धड बोलले नाही. टीव्हीपुढं बसले नाही. रविवारी दुपारी मी मुद्दाम आईजवळ डाळ निवडत बसायची. अशाच एका रविवारी बाहेरून तुमचा आवाज आला, "बेटा, ये ना. बायांची कुस्ती लागली." तुम्ही चॅनल बदललं नव्हतं. मी म्हटलं, "अभ्यास आहे." समोर सुपात डाळ होती. तुम्ही एकट्यानं ती कुस्ती शेवटपर्यंत पाहिलीत आणि मग दारात येऊन उभे राहिलात. "चांगली पडते ती, काळ्या कपड्यातली," म्हणालात. मी मान वर केली नाही. मग हळूच म्हणालात, "औंदा आल्या मॅडम तं करतो मी सही."

"मला नकोय आता."

"का बरं?"

"इच्छाच मेली."

आईचा हात परातीतच थांबला. तुम्ही पाणी न पिताच बाहेर गेलात. तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाही.

मी मात्र काढत राहिले. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यातच यांना सांगितलं. नोकरी लागल्यावर सोबतच्या बायकांना सांगितलं. तुकईथडला मुलींच्या शिक्षणावर कार्यक्रम होता तिथं माईकवरून सांगितलं, की माझ्या वडिलांनी एक सही केली नाही म्हणून मी आज इथं खडू घेऊन उभी आहे. टाळ्या पडल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. आता तिकडे बायका सगळ्यात मोठ्या शोची शेवटची मॅच खेळतात, पप्पा, अर्धा अर्धा तास, हजारो माणसं उभी राहून ओरडतात. दर वेळी ते पाहताना मला आधी आनंद होतो आणि मग तुमचा राग येतो. काल बसमध्येही आला. डावखुरीला आडवी करणाऱ्यांना मनात शिव्या देत होते आणि मध्येच लक्षात आलं, त्यातल्या निम्म्या तुम्हाला देते आहे. मग राग आला माझाच, आणि तो काल दिवसभर गेला नाही. फळ्यावर साधी बेरीज चुकले.

कारण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्हाला धाप लागायची, तीन शब्द बोललात की थांबायचात. मी मोसंबी सोलत होते. तुम्ही म्हणालात, "बेटा, खंडव्याला जाऊ द्यायला पाह्यजे होतं मी तुला." मी म्हटलं, "जाऊ द्या पप्पा, झालं ते." किती मोठ्या मनानं म्हटलं! आईला वाटलं, पोरीनं माफ केलं. तुम्ही डोळे मिटलेत. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी तुमच्या तोंडात फोड ठेवली.

मॅडम घरी आल्या त्याच्या आदल्या दिवशी सरावाला दहावीतली एक दणकट मुलगी माझ्यासमोर होती. तिनं मला उचललं आणि मी चुकीची पडले. हनुवटी छातीला लावायची राहून गेली. मानेत काहीतरी कडकन वाजलं आणि मला बोटं हलवता येईनात. किती वेळ, माहीत नाही, पण वरच्या पत्र्यावरचे गंजाचे डाग मी एकेक करून पाहिले एवढा वेळ. मग बोटं हलली. मी उठले, हसले, कपडे झटकले. रात्रभर ठरवत होते की मॅडमना काय कारण सांगायचं, पोट दुखतं म्हणावं की घरी लग्न आहे म्हणावं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, आणि दारात उभ्या उभ्या मला एकदम हलकं वाटलं. रडले त्याच्यानंतर.

मुलं पेपर जमा करायला लागली आहेत. हा कागद मी त्यांच्या गठ्ठ्यात जाऊ देणार नाही, पर्समध्ये ठेवते, पुढचं माहीत नाही. तुम्ही सही केली नाही म्हणून मी गेले नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. पप्पा, तुम्ही सही केली असती तरी मी गेले नसते.