वर किती जण होतो

४ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज परत आला. तिसऱ्यांदा. या वेळचं कारण — ‘दाव्यास पुष्टी देणारा प्रत्यक्ष साक्षीदार नाही.’ खाली शिक्का. बाकी काही असो, शिक्का दर वेळी ठसठशीत असतो!

राग यायला हवा होता. आला नाही. चहा केला. दोन कप काढले गेले, दुसराही मीच प्यालो. ही जाऊन तीन महिने झाले, पण हाताला अजून कोणी सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

सगळं एकदा इथे लिहून काढतो. ऑफिसात बोलायला गेलं की माझी गाडी भलत्याच रुळावर जाते आणि समोरचा घड्याळ बघायला लागतो.

सैन्याच्या नोंदीत आहे ते असं — लढाई चालू असताना मी खाली कोठारात. सामान उतरवताना डाव्या पायावर पेटी पडली, बोटं गेली.

झालं ते असं — मी वर होतो. टेकडीवरच्या चौकीत. आम्ही आठ जण. गोळा पडला, छर्रा पायात घुसला, पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात. पाच जण वरच राहिले. बाकीच्या दोघांना दुसऱ्या दवाखान्यात नेलं, त्यांची पुन्हा भेट नाही. आता तेही नाहीत.

त्या दिवशी वरची पाळी खरं तर उंटाची होती. उंट म्हणजे आमच्याच तुकडीतला, मान लांब म्हणून उंट. दाढ सुजून त्याचा गाल भोपळ्याएवढा झाला होता. म्हणाला, “आजच्यापुरता जातोस का वर? उद्या मी येतो.” अशा अदलाबदली आम्ही सर्रास करायचो. लिहून कोण ठेवतो? संध्याकाळी लढाई पेटली, वाट बंद झाली. पाळीच्या यादीत नाव त्याचं, म्हणून लढाईचं पदक त्याला. यादीप्रमाणे मी खाली, म्हणून जखमही कोठारातली ठरली; मला लढाईचंही नाही आणि जखमेचंही नाही. तोंड उघडलं असतं तर दोघांवर खटला, न विचारता पाळी बदलली म्हणून. गप्प बसलो.

मी दवाखान्यात असतानाच पदकं वाटली, त्या दिवशी ते त्याच्या छातीवर पाहिलं. तेव्हापासून त्याच्याशी बोललेलो नाही. तो बोलायला आला होता एकदा-दोनदा.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे जगात आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा समज. परत आलेला अर्ज वाचून म्हणाला, “दाजी, सोडा आता. कोण विचारतंय?”

तूच विचारतोस, असं म्हणालो नाही. ही गेल्यावर लोक भेटायला आले होते, त्यांच्यात बसून हाच बोलला — “दाजी लढाईत होते. म्हणजे, कोठारात. ताई आपली टेकडी-टेकडी करायची. तिला हौस.” लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. मागे भिंतीवर हिचा फोटो. ती असती तर तिथल्या तिथे त्याला उभा-आडवा घेतला असता. जन्मभर या एका गोष्टीवरून ती त्याच्याशी भांडली. सेवापुस्तिका तिच्या नाकासमोर धरली तरी म्हणायची, “पुस्तिका चुकली असेल. माझा नवरा खोटं बोलत नाही.”

पदक मला नको. लावू कुठे? बनियनला? पण ती खोटी ठरून गेली, हे मला चालणार नाही. तेवढं एक आत टोचतं. बाकी आत काही हलत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

थंडी पडली. ट्रंकेतून पायाची बाही काढली.

दवाखान्यातून माझे कपडे हिच्या हातात दिले, त्या गाठोड्यात ही कुठल्यातरी स्वेटरची बाही होती. तपकिरी लोकर, रक्ताने कडक झालेली. नर्स म्हणाली होती, “आणलं तेव्हा जखमेवर हीच बांधलेली होती.” माझी बायको काही फेकणाऱ्यातली नव्हे. चार पाण्यांतून काढली, मनगटाकडचं तोंड शिवून बंद केलं, फाटकी कड दुमडली — झाला मोजा. बोटं नसलेल्या पायाला दुकानातला मोजा ढगळ होतो. ही बाही नेमकी बसते आणि वर गुडघ्यापर्यंत येते. हिवाळा आला की पायात, सरला की ट्रंकेत. तिचा टाका यंदा उसवलाय. सुई मिळाली, दोरा काही ओवला जाईना. तशीच घातली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रेकॉर्ड ऑफिस. खुर्च्या एकमेकींना सळईने जोडलेल्या, म्हणजे शेजारचा पाय हलवायला लागला की आपणही हलायचं. खिडकीवर नवीन कारकून बाई. चांगली आहे. माझं ऐकताना घड्याळ बघितलं नाही.

“काका, अदलाबदलीतला दुसरा माणूस हयात आहे का?”

“असेल.”

“मग त्यांचं ॲफिडेव्हिट आणा. मी खाली होतो, हे माझ्या जागी वर होते. चार ओळी. तुमचं काम होऊन जाईल.”

“आणि त्याचं पदक?”

“ते रद्द होणार. एका पाळीला एकच माणूस. तुमचं नाव चढलं की त्यांचं उतरलं.”

सैन्यानंतरची सगळी नोकरी मी वजनकाट्यावर काढली. भरला ट्रक, रिकामा ट्रक. हे मला न समजायला काय झालं?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही जाणार त्याच्याकडे.

१७ नोव्हेंबर, रविवार

मेहुण्याने उंटाचा पत्ता काढला! मी सांगितलं नव्हतं. बसच्या सीटा शिवतो म्हणे, घराखालीच दुकान. “पुढच्या रविवारी गाडी काढतो. बघू तर खरं, ताई म्हणायची ते कितपत आहे.” त्याला खरं-खोटं करायचंय. मलाही तेच करायचंय. मग नाही कशाला म्हणू?

२४ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो.

दुकानभर स्पंज. पिवळा, पांढरा, छतापर्यंत. मधे उंट, शिवणयंत्रावर. मान तशीच. तोंडात एकही दात नाही. मला बघून यंत्र थांबवलं. म्हणाला, “दाढेचा त्रास मिटला बघ एकदाचा.” जसा काही मी कालच उठून गेलो होतो. मला हसू यायला हवं होतं, त्याच्याही मनात तेच असावं.

वर घरात नेलं. मी दारात बूट काढले, बसलो, अर्ज दाखवला, कारकून बाई काय म्हणाली ते सांगितलं. त्याचं पदक जाणार हेही सांगितलं, लपवलं नाही. माझं बोलून व्हायच्या आतच म्हणाला, “सही कुठे करायची?” कोपऱ्यावर नोटरी राहतो, त्याला हाक मारून वर बोलावलं. मजकूर उंटानेच सांगितला. ‘पाळी माझी होती, माझ्या जागी हा वर गेला. मी खाली कोठारात होतो. लढाई संपेपर्यंत मी तिथून हललो नाही.’ शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते त्याने दोनदा वाचून घेतलं.

मग खाली जाऊन पदक आणलं. कात्र्या आणि खडूंच्या खणात होतं. रिबिनीला खडू लागलेला. “हेही ने. त्यांना परत लागेल.” मी हात पुढे केला नाही. मेहुण्यानेच घेतलं आणि चष्मा वर करून वाचत बसला.

वहिनी चहा घेऊन आल्या. “भाऊजी, इतकी वर्षं आला का नाहीत?” मी काय सांगणार? खाली बघितलं. त्यांनीही खाली बघितलं, माझ्या पायाकडे.

“हा मोजा कुणी विणला?”

म्हटलं, मोजा नाही, बाही आहे. दवाखान्यातून आली.

त्या कप ठेवून वाकल्या. उसवलेल्या टाक्यात बोट घालून कड उलटी केली. “ही वीण माझी आहे. टाके बंद करताना मनगट आवळून टाकायचे मी, तेव्हा नवीन शिकत होते. ते स्वेटर घेऊन हे गेले आणि एका बाहीचं घेऊन आले. दुसरी म्हणे उंदराने खाल्ली!”

उंट म्हणाला, “सगळ्या बायका तसंच विणतात. तू बिस्किटं आण.”

मेहुणा माझ्याकडे बघत होता. मी चहा संपवला, फार गोड होता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ॲफिडेव्हिट टेबलावर आहे. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. आज नेऊन दिलं की झालं.

नेलं नाही. सकाळपासून पाय मांडीवर घेऊन बसलोय.

ही बाही लांब आहे. माझ्या हातात घातली तर बोटांच्याही पुढे जाते. आज पहिल्यांदा घालून बघितली. इतकी वर्षं पायात घालतोय, कुणाची असेल असं एकदाही मनात आलं नाही. मला खाली कोणी आणलं, हेही कधी विचारलं नाही. स्ट्रेचरवाल्यांनी, असं धरून चाललो. पण स्ट्रेचरवाल्यांकडे पट्ट्या असतात. ते अंगातल्या स्वेटरची बाही कशाला फाडतील?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

फोन केला. मागे शिवणयंत्र चालू होतं.

“तू वर आला होतास?”

यंत्र थांबलं. “कोण म्हणतं?”

“वहिनी म्हणतात. बाही म्हणते.”

मग म्हणाला, “दाढ फुटली रे. दुखायचं थांबलं. मग खाली बसून काय करणार होतो? उद्या येतो म्हणालो होतो ना तुला.”

वाट बंद होती. तो ओढ्यातून चढला, कोठार सोडून, कोणाला न विचारता. म्हणजे खटला त्याच्यावर दुप्पट झाला असता. मला पाठीवर घेऊन उतरला आणि अंधारात रुग्णगाडीपाशी ठेवून परत कोठारात गेला. मी वेड्यासारखं विचारलं, माझं वजन किती होतं? वजनकाट्याची सवय. म्हणाला, “एका गोणीएवढं. एक गोणी तर मी रोज उचलायचो.”

“मग जबाबात ‘हललो नाही’ कशाला लिहिलंस?”

“तुझं काम व्हायला नको? एका पाळीला एकच माणूस, तूच म्हणालास.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“आलो होतो दवाखान्यात. तू भिंतीकडे तोंड केलंस.”

केलं होतं. आठवतं.

फोन ठेवला. लाज वाटली. खूप लाज वाटली. ही गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. हिला सांगावंसं वाटलं, ती नाही. मग रडलो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मेहुण्याला सगळं सांगितलं. त्याने खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं, हिच्या फोटोची काच पुसली. कोपरेसुद्धा. निघताना म्हणाला, “ताई खरंच बोलायची. मीच मूर्ख.” आणि उंटाचं पदक टेबलावर ठेवलं. “हे त्यांचं त्यांना द्या.”

मग विचारलं, “अर्ज आता राहू द्यायचा ना दाजी?”

२ डिसेंबर, सोमवार

नाही राहू दिला. उंटाचा जबाब फाडला, नवा अर्ज घेतला. कारकून बाई म्हणाली, “काका, जवळपास झालंच होतं! आता पुन्हा पहिल्यापासून.” म्हटलं, चालेल.

चौकीत हजर असलेल्यांची संख्या, असा एक रकाना आहे. तिन्ही वेळा तिथे आठ लिहिलं होतं. आज नऊ लिहिलं.