जावईबापू फाट्याला जातात

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कमोड बसला एकदाचा! मिस्त्री तीन दिवस छळून गेला. प्रतिक्षाचा पहिला दिवाळसण, जावई शुक्रवारी येणार. पुण्यात राहणारा माणूस, त्याला आपल्याकडं उकिडवं बसायला लावायचं का? मीरा म्हणते, "जावई दिवाळीला येऊन राहिले का संडासला?" बायकोला दूरचं दिसत नाही.

गिरणीत भाजणीची रांग. डबा ठेवला की प्रत्येक बाई विचारते, "भागवतभाऊ, जावई कधी येऊन राहिले?" दिवसभर तेच तेच सांगून घसा बसला. पण खोटं कशाला लिहू — मजा आली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

आले! रुद्रराव उंच, बारीक. बोलणं दोनच — "हो मामा" आणि "नको मामा". मूळचे परभणीचे, पण पुण्यानं पार मऊ करून टाकलेले. चकली चहात बुडवून खातात! मीरानं सकाळपासून राबून कडक केलेली चकली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तासाभरानं माझ्याजवळ आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हळूच म्हणाले, "मामा, साधं कुठं आहे?"

आधी मला कळलंच नाही. कळल्यावर मागच्या जुन्या संडासाकडं बोट दाखवलं. आत मीरा तोंडात पदर कोंबून हसत होती. गिरणी चालू असती तरी ऐकू आलं असतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनतेरस

सकाळी नऊला दोघं माझी स्कूटर घेऊन "फिरायला" गेले. आले एक वाजता! कुठं गेलता? "वारंगा फाट्याला."

फाट्यावर फिरायला काय आहे? ट्रक, केळीच्या गाड्या आणि भजी. प्रतिक्षा म्हणते, "हवा चांगली हाय बाबा तिथं." हवा! डिझेलची?

१९ ऑक्टोबर, रविवार

आज परत तेच! आणि आज पोरीच्या पाठीला बॅग. हवा भरून आणतात वाटतं.

मीराला विचारलं. "नवं जोडपं हाय, जाऊ द्या की." ही बाई मला कधी साधं पारावर जाऊ देत नाही. हिनं इतकं सहज "जाऊ द्या" म्हणावं? काहीतरी आहे.

कय्युमला फोन लावला. बत्तीस वर्षांची दोस्ती. त्याचं बॅटरीचं दुकान फाट्यावरच, वर घर. म्हटलं, "जावई तिकडं येऊन राहिले रोज. जरा ध्यान ठेव."

"ठेवतो ना. पण मला तर कोणी दिसलं न्हाई बा."

तेवढ्यात फोनमधून हॉर्न ऐकू आला. माझ्या स्कूटरचा! तो बकरीसारखा ओरडतो, अर्ध्या तालुक्याला माहीत आहे.

"कय्युम, हा आवाज कशाचा?"

"बकरी हाय," म्हणाला. आणि फोन ठेवला.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटे जावयाला उटणं लावायला घेतलं. गुदगुल्या होतात म्हणून पाट सोडून पळाले! एवढा इंजिनियर, ओल्या पंचावर अंगणभर पळाला. शेजारची शालूबाई भिंतीवरून बघत होती. आता गावभर झालं.

दुपारी मात्र मन खट्टू झालं. रुद्रराव गच्चीवर फोनवर बोलत होते, मी जिन्याखाली होतो. मुद्दाम नाही — बादली घ्यायला गेलो होतो. (बरं, थोडं मुद्दाम.) म्हणाले, "अजून बाहेर सांगितलं नाही कुणाला. मामांना तर बिलकुल नाही."

मला नाही? बिलकुल? मी काय केलं?

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

हात देवीकडं जोडलेले, तोंड जावयाकडं. मीरानं कोपरखळी मारली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

मला वाटतं, रुद्ररावांची नोकरी गेली. आजकाल कंपन्या एका फोनवर काढून टाकतात म्हणे. म्हणूनच बोलत नाहीत, म्हणूनच रोज फाट्याला जाऊन बसतात. लेकीलाही लपवायला लावलं असेल. पोरगी वाळलेली दिसते. ओवाळून झालं की लगेच स्कूटर बाहेर!

मीराला सांगितलं. ती म्हणाली, "तसं काही न्हाई."

"मग कसं हाय?"

"थांबा, माझी भाजी जळून राहिली."

चुलीवर काहीच नव्हतं. मी बघून आलो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

बहीण संध्याकाळी येणार होती. सकाळ मोकळी. फराळाचा डबा घेतला आणि अॅपे रिक्षानं फाट्याला गेलो. कय्युमकडं दरवर्षी डबा जातोच, म्हणजे कुणी विचारलं तर कारण तयार.

दुकानासमोर माझी स्कूटर. मला बघून कय्युम उठला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. "अरे ये ये! पहिले चाय घे ना."

"बाजूला हो."

"उगं काहून तकलीफ घेतो, डबा दे इकडं, मी नेतो वर —"

त्याच्या काखेखालून वर गेलो. या वयात!

वरच्या पायरीवर रुद्रराव बसलेले. मांडीवर पाण्याची बाटली. मला बघून उभे राहिले नाहीत, पाया पडले नाहीत. तोंडावर बोट ठेवलं. मला! सासऱ्याला!

दार थोडं उघडं होतं. आतून इंग्रजी येत होतं. भराभर, कुठं न अडखळता. मध्येच कुणीतरी कॉम्प्युटरमधून विचारायचं, मग परत उत्तर. मला वाटलं कय्युमची पोरगी अफशीन असेल, ती इंग्रजी शाळेत शिकवते. पण अफशीन तर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कय्युमच्या बायकोनं, खतीजाभाभीनं, कुकरची शिट्टी काढून हातात धरलेली. वाजू नये म्हणून!

आत माझी पोरगी होती.

मी जावयाशेजारी पायरीवर बसलो. वीस मिनिटं. दोन वेळा आतून हसल्याचा आवाज आला. एवढं मोकळं माझ्या घरात ती कधी हसली, आठवून बघितलं.

मग हळूच विचारलं, "हे काय चाललंय?"

"हैदराबादची औषधाची कंपनी आहे, मामा. पुण्यात लॅब आहे त्यांची. शनिवारी परीक्षा झाली, काल एक मुलाखत, आज शेवटची. तुमच्या गल्लीत इंटरनेटची रेंज नाही." अफशीननं तिची तयारी करून घेतली, हेही सांगितलं. सात दिवसांत माणूस एवढं पहिल्यांदाच बोलला.

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

रुद्रराव बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "लग्नाच्या बैठकीत तुम्हीच म्हणाला होता ना. आमची पोरगी नोकरी करणार नाही, पाहिजे तर लिहून घ्या. माझ्या आईबाबांनी विचारलंच नव्हतं. मी नंतर प्रतिक्षाला विचारलं. ती म्हणाली, हातात काही आल्याशिवाय बाबांना सांगायचं नाही."

म्हणालो होतो मी. मोठ्यानं म्हणालो होतो. पाव्हण्यांवर छाप पडेल असं वाटलं होतं. पोरगी तेव्हा पोह्यांचा ट्रे घेऊन समोर उभी होती. तिच्या तोंडाकडं मी बघितलंच नाही.

दार उघडलं. मला बघून प्रतिक्षा जागीच थिजली. "बाबा, मी सांगणारच —"

डबा उघडला. "अनारसा खा. तोंड कोरडं पडलं असंल."

खाता खाता रडायला लागली. अनारशाची खसखस गालाला चिकटली. रुद्ररावांनी बाटली पुढं केली. कय्युम खालून ओरडला, "भागवत, मारामारी झाली का चहा पाठवू?"

चहा घेतला. चकली बुडवून खाल्ली. वाईट लागत नाही, पण मीराला सांगणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गेले दोघं. निघताना रुद्रराव पाया पडले आणि चक्क चार वाक्यं बोलले! आता सवय लागली वाटतं. घर रिकामं रिकामं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लागली! सकाळी प्रतिक्षाचा फोन. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. गिरणी बंद करून पेढे आणले. रांगेतल्या प्रत्येक बाईला पेढा दिला आणि सांगितलं — मुलाखतीला मीच घेऊन गेलो होतो, पोरींना शिकवलं तर कामाला लावायला पाहिजे, आमच्या घरात पहिल्यापासून असंच.

मीरा डबे भरायला मागं उभी होती. तिनं पेढा घेतला नाही. गोड कमी केलं असेल.

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी मीरा लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कय्युमभाऊंची खोली मीच मागितली होती."

मग म्हणाली, "मलाबी बालवाडीच्या नोकरीचा कागद आला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तुमी दारातूनच पोस्टमनला परत दिला. आमच्याकडं बायका नोकरी करत न्हाईत, म्हणाले."

रागानं नाही. लसूण सोलता सोलता.

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. तिला वारसुद्धा आठवतो. मंगळवार होता म्हणाली.