गाडीत दोष नाही

३ जानेवारी १९५६
काल यांना मोटरसायकल चालवताना फिट आली. महिन्यात दुसरी. कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. मुर्री गावाच्या वाटेवर शेतकरी सोमाजींच्या भाताच्या तणसाच्या ढिगात पडले, म्हणून वाचले. लोकांना सांगितले, चाक घसरले. डॉक्टरलाच मिरगी, हे कळले तर दवाखान्याची पायरी कोण चढेल?
गाडी विकायची. ठरले.

५ जाने.
हे म्हणतात, जपून चालवीन. म्हटले, फिट विचारून येत नाही, रोग्यांना तुम्हीच सांगता. हे सकाळभर साखळीला तेल देत बसले.
लढाईच्या आधीची गाडी. दर रविवारी पुसलेली. हलकी, एका किकमध्ये चालू, क्लच मऊ. नवशिक्याला याहून बरी मिळायची नाही.

८ जाने.
सोमाजींचा हेमराज येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण सरळ. दरेकश्याकडे मास्तर म्हणून लागला. स्टेशनापासून शाळा लांब, वाट जंगलातली. गाडी पाहून हरखला. कधी चालवलेली नाही.
शिकवणार कोण? हेच. दुसऱ्या कुणाला येते?

११ जाने.
शाळेमागच्या मैदानात शिकवणी. हे मागे बसले. मी वर्ग सोडून खिडकीशी. हेमराजने चारदा गाडी बंद पाडली. सोमाजी बांधावरून, "बैल बरा रे बापा, शेपटी पिरगाळली का चालते."
शेवटी हे म्हणाले, एकदा दाखवतो, आणि पुढे बसले. मी धावत गेले. हँडल धरले. हे उतरले. सोमाजी माझ्याकडे बघत होते.
रात्री हे जेवले नाहीत.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घ्यायला सोमाजी आले, ते गाडीला नकार घेऊनच. हे व्हिजिटला गेलेले, पायी.
"बाई, एवढी चांगली गाडी हाय तं काऊन इकून राहिल्या? तिनं डॉक्टरसायबाले पाडलं. मायावाल्या पोराले सोडन का?"
आमचेच खोटे आमच्या दारात. गप्प बसले असते तर गाडी घरात राहिली असती, आणि हे कधीतरी तिच्यावर बसले असते.
सांगून टाकले. गाडीत दोष नाही, यांना मिरगी आहे.
सोमाजींनी तिळगूळ हातातच ठेवला. म्हणाले, "मंग मी सुई कोणाच्या हातून टोचून घेऊ, बाई?"
दमा आहे त्यांना. दर आठवड्याला सुईसाठी येतात.
कुणाला सांगू नका, एवढेच म्हटले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गाडी मात्र घेतो म्हणाले.

१५ जाने.
यांना सांगितलेले नाही. आज सात रोगी. रविवार असून इतकेच. की रविवार म्हणूनच? पूर्वी कधी मोजले नव्हते.

१७ जाने.
बापलेक सकाळीच आले. हेमराज यांच्या पाया पडला. सोमाजी अंगणातच उभे. यांनी विचारले, दमा कसा आहे? "बरा हाय," म्हणाले. सुईचे नाव काढले नाही. हे हात पुसत दारात थांबून राहिले.
दिले: गाडी, नोंदणीचे पुस्तक, हवेचा पंप, नट आवळायचे दोन पाने, एक जादा प्लग. हेमराजची सही, सोमाजींचा अंगठा.