आधी जहाज, मग ऑपरेशन

१२ सप्टेंबर, शुक्रवार

व्हिसे आले. दोघांचे. अवीने पासपोर्ट नाकाला टेकवून स्टिकरवरचं एकेक अक्षर वाचलं. तीन-चार मिनिटं लागली, मी मधे बोलले नाही. नवऱ्याला मदत केलेली आवडत नाही, हे मला आता पाठ आहे. लगेच अबुधाबीला रेवाला फोन. लेक बँकेत, मीटिंगमध्ये. "ओ माय गॉड बाबा, फायनली!" एवढं बोलून ठेवला.

नऊ दिवस, चौसष्ट माणसांचं छोटं जहाज. वेनिस, रावेन्ना, मग पलीकडच्या किनाऱ्याने स्प्लिट आणि खाली दुब्रोव्निक. रोज एक जुनं गाव, रोज चर्चमधली चित्रं, संध्याकाळी त्यावर व्याख्यान. इथे दुबईत, ऊद मेथाच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं ह्या माणसाने. ही सगळी चित्रं पोरांना झेरॉक्सवरून शिकवली, एकही डोळ्याने पाहिलं नाही. जुलैची सुट्टी म्हणजे सांगली. सासूबाईंचा गुडघा, दिरांच्या मुलीचं लग्न, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. दर वर्षी म्हणायचं, पुढच्या वर्षी नक्की.

मार्चमध्ये रिटायर झाला तोवर उजवा डोळा गेल्यात जमा. काचबिंदू. डाव्याचा मधला तुकडा उरलाय, दाराच्या फटीतून बघावं एवढा. तेवढ्यात बसेल ते बघायचं म्हणतोय.

१६ सप्टें., मंगळ.

चेकअप. डाव्याचं प्रेशर परत चढलेलं. तीन प्रकारचे थेंब चालू असून. डॉ. (मल्याळी, चटपटीत, रेवापेक्षा फार मोठी नसेल) सीनियरशी बोलून कळवते म्हणाली. मेट्रोत अवी म्हणे, "मशीन बिघडलं असेल त्यांचं." म्हटलं, हो, तुझा डोळा सोडून सगळं बिघडलंय.

१८ सप्टें., गुरु.

दुपारी डॉ. चा फोन. फाईलला माझाच नंबर आहे, त्याला स्क्रीन वाचता येत नाही म्हणून. मी कामावर, दाताच्या क्लिनिकच्या काउंटरवर, समोर दाढ धरून बसलेला पेशंट.

"मॅम, वेट मत कीजिए. टू वीक्स मॅक्सिमम." २९ तारीख देते म्हणाली. ऑपरेशनमध्येही थोडा धोका आहे, उरलेली नजर त्यातच जाऊ शकते, पण केलं नाही तर जाणारच आहे. "आप सर को समझा देंगी ना?"

हो म्हटलं.

घरी आले तर टेबलावर नकाशा पसरलेला, हातात भिंग. रावेन्नात काय काय बघायचं त्याची यादी चाललेली, मार्करने, टपोऱ्या अक्षरात. मान न उचलता, "दुपारी तुझा फोन एंगेज होता. कोण?"

"डॉक्टर. म्हणाल्या, ऑपरेशन करायचंय, पण आल्यावर केलं तरी चालेल."

आपसूक बाहेर पडलं. आवाजही हलला नाही.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" चहा टाक म्हणाला. मी टाकला.

१९ सप्टें., शुक्र.

झोप नाही. स्वतःशी तरी खरं लिहावं.

पैशाचं कारण नाही. बुडाले असते, बुडू दे. ऑपरेशनमध्ये नजर गेली असती तर चित्रं राहिलीच असती, हे कारण मी पहाटे तयार केलं. चांगलं आहे, कुणालाही पटेल. पण काल संध्याकाळी दारात उभी होते तेव्हा ते डोक्यातही नव्हतं.

मला जायचं होतं. लग्नाच्या एकोणतीस वर्षांत मी कधी अशा जागी गेले नाही, जिथे कुणाची भाकरी थापायची नाही, कुणाचं आजारपण काढायचं नाही. मला जायचं होतं. लिहिलं. बास.

अठरा वर्षं क्लिनिकच्या काउंटरला बसतेय मी. डॉक्टर 'वेट मत कीजिए' म्हणतात तेव्हा काय म्हणतात ते मला कळत नाही असं कुणी म्हणू नये.

२२ सप्टें., सोम.

सकाळी बाथरूममधून हॉस्पिटलला फोन. तारीख १४ ऑक्टो. नंतरची द्या. डॉ. ने विचारलं, "सर का डिसीजन है?"

"हो, त्यांचंच."

आज घट बसले. मी घरात काही केलं नाही. हातच चालेना.

२८ सप्टें., रवि.

रेवा आली. तिघं शारजाला, रोल्लाच्या बाजारात, गरम कपडे घ्यायला. बाहेर एक्केचाळीस डिग्री आणि अवी जाड जाकीट घालून आरशासमोर. दुकानदार पठाण, "यल्ला हबीबी, हीरो!" रेवा हसून हसून लाल. पार्किंगकडे जाताना बाप पुढे गेला तेव्हा हळूच, "आई, द डॉक्टर इज ओके विथ दिस, राइट?"

"हो गं."

"यू शुअर?"

"तुला काय सांगितलं मी?" जरा जास्तच जोरात. तिने वळून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं.

५ ऑक्टो., रवि. वेनिस, जहाजावर

खोली पिटुकली. खिडकी गोल. काल संध्याकाळी जहाजावर आलो, आज दिवसभर गाव. पायऱ्यांचे पूल, प्रत्येकावर "एक, दोन, तीन, संपल्या" म्हणत त्याला नेलं. मोठ्या चर्चमध्ये सोनेरी छत. वर बघून म्हणाला, "पिवळं दिसतंय." पिवळं!

तरी खूष आहे. जेवताना शेजारच्या म्हाताऱ्या डच जोडप्याला शाळेच्या गोष्टी. मी पण खूष होते, खोटं कशाला लिहू. डेकवर वारा. कुणी 'वहिनी, चहा' म्हणत नाही.

७ ऑक्टो., मंगळ. रावेन्ना

बंदरापासून बसने अर्धा तास. जहाजावरच्या व्याख्यानवाल्या बाई, सत्तरीच्या, हातात काठी, आवाज खणखणीत. ज्यासाठी एवढा आटापिटा ती जागा म्हणजे विटांची ठेंगणी इमारत, आपल्याकडच्या पंपहाऊसएवढी. आतलं दीड हजार वर्षांपूर्वीचं. पाचच मिनिटं आत सोडतात.

बाहेर लख्ख ऊन. आत शिरलो आणि अवीचा हात माझ्या दंडावर आवळला. आत अंधार. खिडक्यांना काच नाही, पातळ दगड, त्यातून मधासारखा उजेड. आम्हा सगळ्यांना मिनिटभरात दिसायला लागलं. लोक 'आ' करून वर. त्याला दिसलंच नाही. काळोखात त्याचा डोळा काहीच धरत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. दोघांनीही ते मनावर घेतलं नव्हतं.

"काय आहे?" कुजबुजला.

"निळं आहे. सगळं छत निळं. सोन्याचे तारे, ओळीने, गोलात. बाजूला दोन हरणं, पाणी प्यायला आलेली."

"किती निळं?"

आता काय सांगणार? ह्याला निळ्याचे वीस प्रकार माहीत, मला दोन. "शाईसारखं."

"कुठली शाई? रॉयल ब्लू का ब्लू-ब्लॅक?"

"ब्लू-ब्लॅक."

मान हलवली. डोळे उघडे, नेमकं समोर लाल रंगाचं अग्निशामक सिलिंडर. त्याच्याकडे बघत उभा राहिला पाच मिनिटं संपेपर्यंत. मला रडू फुटलं, बरं झालं अंधार होता.

बाहेर डच बाईने विचारलं तर "वंडरफुल, वंडरफुल." मग बाकावर बसल्यावर मला, "डॉक्टर नक्की म्हणाल्या ना, चालेल म्हणून? कालपासून धुकं वाढलंय."

तिथे सांगता आलं असतं. विमानाने दोन दिवसांत परत आलो असतो.

"हो रे," म्हटलं. "थेंब टाकू का?"

दुपारी दुसरं चर्च, मोठं, उजेडाचं. भिंतभर पांढऱ्या झग्यातल्या बायका ओळीने चाललेल्या. मान वाकडी करकरून दहा मिनिटं शोधत होता. एकदम थांबला. "सापडली! एकीचा पाय. लाल चप्पल आहे बघ, आणि वर झग्याची कड." खुळ्यासारखा हसला. मला म्हणाला, "आलो त्याचं सार्थक झालं गं." अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि पदरात एक चप्पल.

८ ऑक्टो.

समुद्र खवळलेला. मी ओकून बेजार. त्याने डोकं दाबलं.

सांगायला हवं होतं. आज सांगेन.

नाही.

१० ऑक्टो., शुक्र. स्प्लिट

राजवाड्याच्या पायऱ्यांवर पडला. मी बरोबर नव्हते, फोटो काढत होते. गुडघा फुटला. उठल्यावर समोर उभ्या बाईला म्हणाला, "अगं, रुमाल दे." ती आमच्या ग्रुपमधली, माझ्यासारखाच निळा कुडता. त्याच्यापासून जेमतेम दोन हात लांब उभी होती.

रात्री कपभर सूप घेतलं आणि झोपला. संध्याकाळचं व्याख्यान चुकवलं, पहिल्यांदाच. व्याख्यानवाल्या बाईंनी मुद्दाम येऊन विचारपूस केली. त्याने पाठ फिरवली. मी सॉरी सॉरी करत त्यांना बाहेर काढलं.

१३ ऑक्टो., सोम. दुबई

दुब्रोव्निकची तटबंदी मी एकटीने पाहिली. तो खोलीत. आज परत. टॅक्सीत विचारलं, "गरहूद आलं का?" ते विमानतळाला लागूनच, आणि गाडी तेव्हा आमच्या बिल्डिंगखाली उभी होती.

१४ ऑक्टो., मंगळ.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

डॉ. ने तपासलं, लाईट बंद केला, खुर्ची मागे सरकवली. "सर, मैंने मॅडम को बोला था वेट मत कीजिए. आपने पोस्टपोन क्यों किया?"

अवी म्हणाला, "मैंने?"

खोलीत आम्ही तिघं. माझी पर्स मांडीवर. डॉ. ने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं तिच्या लक्षात आलं, लगेच कॉम्प्युटरकडे वळली. बरीच नजर गेलीय. गेलेली येणार नाही. आहे ती वाचवायला शुक्रवारी ऑपरेशन, धोका आता आधीपेक्षा जास्त.

मेट्रोत शेजारी बसला. घरी येऊन चप्पल काढली, भिंत धरत खुर्चीपर्यंत गेला. तासाभराने म्हणाला, "विचारलं असतंस तर मीही कदाचित आधी जहाजच म्हटलं असतं गं. पण विचारायचंस तरी. डोळा माझा होता."

पाया पडले असते. तेही केलं नाही.

१५ ऑक्टो., बुध.

रेवा रजा टाकून आली. तिला त्यानेच सांगितलं. स्वयंपाकघरात मला, "हाऊ कुड यू, आई?" मग मराठीत, फार चिडली की मगच ती मराठीत बोलते, "तू मला पण खोटं बोललीस. दुकानाच्या बाहेर. मी विचारलं होतं तुला."

म्हटलं, मला जायचं होतं. तिला ते ऐकून धक्का बसला. दुसरं कुठलंही कारण चाललं असतं तिला. बाबांसाठी, पैशासाठी. हे नाही.

थेंब आता ती टाकते. मी बाटली पुढे केली तर त्याने हात आखडला.

१७ ऑक्टो., शुक्र.

ऑपरेशन झालं. सकाळी फॉर्म आला तेव्हा नर्स माझ्याकडे द्यायला लागली, 'वाइफ ना?' म्हणून. अवी म्हणाला, "बेटी पढेगी." आणि रेवाला, "सगळं वाच. एक ओळ गाळू नकोस."

तिने वाचलं, चार पानं. मी खुर्चीत. 'दृष्टी पूर्ण जाण्याची शक्यता' ह्या ओळीवर तिचा आवाज फुटला. तो म्हणाला, "पुढे."

दीड तास लागला. डोळ्यावर पट्टी, उद्या सकाळी काढणार. तोवर दोन्ही बाजूंनी काळोख. डॉ. ला विचारलं काय वाटतं, तर "इन्शाल्ला, मॅम." ही पोरगी कधी इन्शाल्ला म्हणत नाही.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी

सकाळी हॉस्पिटल. रेवाने दारात गाडी थांबवून त्याला आत खुर्चीत बसवलं, मग गाडी लावायला गेली. जाताना माझ्या कानात, "आई, तू फक्त बस त्यांच्या शेजारी." बसले, एक खुर्ची सोडून. वाटेत त्याने एकदाही विचारलं नाही मी आलेय का. गाडीत मी मागे होते, खोकलेही नव्हते.

नर्सने नाव पुकारलं. रेवाचा पत्ता नाही. अवी उठला आणि शेजारी हात पुढे केला. "चल."

मी खुर्ची ओलांडून दंड दिला. बोलले नाही. आवाज ऐकला तर सोडेल, म्हणून. पंधरा-वीस पावलं. दार, उंबरा, खुर्ची. "पायाशी पायरी" म्हणायला हवं होतं, त्याऐवजी दंड जरा उचलला, तर त्याला कळलं. बसला तरी हात धरलेलाच.

डॉ. टेप सोडवायला लागली. मी आहे म्हणून सांगायला दहा सेकंद होते, पंधरा असतील. परत तेच. सगळं कळत असून तोंड मिटून उभी. टेप निघाला, मग कापूस. "धीरे धीरे खोलिए, सर."

डोळा उघडायच्या आधी त्याची बोटं माझ्या मनगटावरून खाली आली. बांगडी लागली, रेवा कधी घालत नाही ती. तिच्यावर थांबली.

हात तिथेच राहिला. मग त्याने डोळा उघडला.