पावाच्या टोपलीशेजारचा माईक

दारिंका,

शेगडीवर योताचं कालवण आहे, गरम करून घे. मी जेवलोय.

माझ्या कानातल्या मशीनचा तो छोटा माईक काल तूच पावाच्या टोपलीशेजारी ठेवलास, बाबांना सगळ्यांचं बोलणं कळावं म्हणून. मी उठून मधमाश्यांच्या पेट्यांकडे गेलो, तरी तो चालूच होता. तिथपर्यंत लख्ख ऐकू येतं, बरं का!

"पेट्या विकू, म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात ठेवू. त्याला कुठे ऐकू येतंय!" तुझा नवरा तिलेन म्हणाला. त्याचं सोड. तू काय म्हणतेस, म्हणून मी कान देऊन उभा राहिलो. मला नुसता ताटल्या आवरल्याचा आवाज आला.

माईक टोपलीशेजारीच आहे, चालू करून ठेवलाय. मी पेट्यांपाशी आहे. आता बोल.

बाबा