साठ पुड्यांची शंका

४ मे, सोमवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
फळीवरचे पुडे लेबल समोर येईल असे फिरवून ठेवत होतो. तेवढ्यात मनात आले की आजपासून रोजनिशी लिहावी. मोठे काम करणाऱ्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद कुठे सापडत नाही. माझी सापडेल.

आज केंद्र सुरू. पुढे दुकान, मागे माझी खोली. संस्थेने सहा दिवसांचे ट्रेनिंग, एक मार्गदर्शिका आणि खिशाला लावायचा बिल्ला दिला आहे. बिल्ल्यावर ‘बियाणे मित्र’. शुद्धलेखन बरोबर आहे.

कल्पना सोपी आणि थोर आहे. चांगले बियाणे मोठ्या पोत्यात येते. ज्याची जमीन ओंजळभर, तो पोते कशाला घेईल? तो घरातले जुनेच पेरतो किंवा बाजारात सुटे मिळेल ते. म्हणून आपण सुधारित मक्याचे अर्ध्या किलोचे सीलबंद पुडे ठेवायचे. साठ पुडे आले आहेत.

पाच जूनला संस्थेच्या मॅडम तपासणीला येणार. तोपर्यंत साठ पुडे गेले नाहीत तर केंद्र कोपऱ्यावरच्या खतवाल्याकडे जाणार आणि मी ताईच्या घरी परत. निघताना भावोजींना सांगून आलो आहे की तुमच्या ताटावर आता माझा भार नाही. त्यामुळे परत जाण्याचा प्रश्नच येत नाही. अंदाज: आठवडाभरात पुडे संपतील. दुसरा साठा ठेवायला जागा कमी पडेल. याचा विचार आत्ताच करायला हवा.

संध्याकाळ: कोणी आले नाही. सोमवार असावा म्हणून.

५ मे.
पाटी. पेंटरने ‘मित्र’ला दुसरी वेलांटी काढली होती. पुसायला लावली. तो म्हणाला की लोक वेलांटी वाचायला येणार आहेत का. मी म्हणालो की मित्र या शब्दातच चूक असेल तर कोणी येईलच कशाला.

मग ‘बियाणे मिळेल’ की ‘बियाणी मिळतील’ यावर अर्धा तास गेला. शेवटी वरच्या ओळीत ‘बियाणे मित्र’ आणि खालच्या ओळीत ‘बियाणे मिळेल’ असे ठरले. शेजारच्या पंक्चरवाल्याने शिडी आणली आणि पाटी दोन्ही दुकानांच्या मध्ये ठोकून दिली. मी खालून पाहिली. अक्षरे सुरेख.

नियम केला: कामाच्या वेळेत केंद्र सोडून बाहेर पडायचे नाही. जेवण, पाणी, सगळे मागच्या दाराने.

७ मे.
पहिला ग्राहक! पुडा हातात घेऊन त्याने लेबल वाचले. उगवण किमान नव्वद टक्के. म्हणजे शंभरातले दहा मेलेले, हे तुम्हीच छापलंय, असे म्हणाला. मग दहाव्या हिश्शाचे पैसे कमी करा, मेलेल्यांचे कोण देतो. मी त्याला ‘किमान’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. पाऊण तास. मध्येच त्याला महत्त्वाचे काम आठवले.

पुडा घेतला नाही, पण विचार घेऊन गेला. पाया असाच घातला जातो.

पंक्चरवाला चहा घेऊन आला. न विचारता येतो, न विचारता बसतो. मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतो. केंद्राविषयी आदर आहे, पण वेळेची शिस्त नाही.

१० मे, रविवार.
ताईचा फोन. गर्दी कशी आहे असे विचारले. मी म्हणालो की चौकशी पुष्कळ आहे. हे खोटे नाही. एका माणसाने पुष्कळ चौकशी केली होती.

तिला चार पुडे हवे आहेत. घरचे बी दोन वर्षांचे झाले, किडलंय, म्हणाली. बसच्या ड्रायव्हरकडे दे, तो आमच्या फाट्यावर उतरवेल. मी समजावले की पहिली विक्री नातेवाइकाला केली तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली की लोक आहेत का तिथे. फोनवर आवाज नीट येत नव्हता.

शेवटी विचारले की जेवलास का. हो म्हणालो.

११ मे.
एक आजी आल्या. मैलभर चालत आल्या असाव्यात. आधी पाणी मागितले. पुडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या की बाळा, हे उगवेल कशावरून. मी लेबल दाखवले. त्या म्हणाल्या की मला वाचता येत नाही, तू सांग. तू उगवलेलं बघितलंस का?

मी बघितलेले नव्हते. खोटे बोलण्याचा माझा स्वभाव नाही.

मार्गदर्शिका, पान चौदा: ‘शेतकऱ्याच्या मनातली शंका दूर केल्याशिवाय विक्री करू नये.’ स्पष्ट आहे. आजींना म्हणालो की आठ दिवसांनी या. पुडा घ्यायला त्यांनी पदराची गाठ सोडली होती, ती परत मारली.

१२ मे.
पुडा क्रमांक एक फोडला. शंभर दाणे मोजून काढले, ओल्या वर्तमानपत्रात ओळीने मांडले, गुंडाळी करून बादलीत उभी केली. बियाण्याला गुलाबी औषध लावलेले असते, त्यामुळे बोटे गुलाबी झाली आहेत. रंग साबणाने जात नाही.

खोलीत दुसरे काही जिवंत असले की बरे वाटते. (हे वाक्य अहवालात घालायचे नाही.)

१६ मे.
मोड! शंभरातले एक्क्याऐंशी. पांढरे, ओले. बराच वेळ बघत बसलो. पंक्चरवाल्यालाही बोलावून दाखवले. तो म्हणाला की शास्त्रज्ञ, बारसं कधी.

१९ मे.
अंतिम निकाल: सत्त्याण्णव. लेबलाच्या कितीतरी वर. आजी आल्या, त्यांना गुंडाळी उलगडून दाखवली. त्यांनी एकेका कोंबाला हात लावून पाहिला. खूश झाल्या. मी फळीवरचा दुसरा पुडा काढून दिला, तर म्हणाल्या की हा तो नव्हे ना. तो मघाचा द्या, जो उगवला.

मघाचा फुटलेला, शिवाय शंभर दाणे कमी. दोन्ही गोष्टी मी प्रामाणिकपणे सांगितल्या. मग राहू दे, म्हणाल्या. दारात वळून म्हणाल्या की पोरा, तू एकटाच असतोस का रे इथे. मी म्हणालो की स्टाफ सध्या मर्यादित आहे.

पण मुद्दा बिनतोड आहे. एक पुडा उगवला म्हणून दुसरा उगवेल हे कशावरून? ती शंका दूर करायची तर एकच मार्ग. प्रत्येक पुडा.

२० मे.
तीस पुडे फोडले. तीन हजार दाणे. पंक्चरवाल्याची रद्दी, त्याच्या दोन बादल्या, माझी एक. वर्तमानपत्र संपल्यावर टॉवेल, मग चादर. सगळे गुलाबी.

फोडलेला प्रत्येक पुडा घडी घालून, टाचणी लावून फळीवर परत. वर चिठ्ठी: ‘यातील १०० दाणे चाचणीत कामी आले. निकाल लवकरच.’ इतका पारदर्शक कारभार दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही.

एक जण आत आला, चिठ्ठी वाचली, पुडा हातावर तोलला आणि ठेवून गेला. भारावला असावा.

२४ मे, रविवार.
ताई. वळीव पडून गेला, जमीन तयार आहे, आजूबाजूला पेरण्या सुरू झाल्या आहेत, पुडे कुठे आहेत. मी सांगितले की तुझ्यासाठी सत्तावन्न ते साठ हे शेवटचे चार क्रमांक राखून ठेवले आहेत, म्हणजे तुला सर्वांत ताज्या तपासणीचा माल मिळेल. ती म्हणाली की अरे, मला निकाल नको, मका हवाय.

तिचे शिक्षण माझ्याहून कमी झाले. समजून घ्यायला हवे.

भावोजी मागून काहीतरी म्हणाले. ऐकू आले नाही. आले, पण लिहीत नाही.

२७ मे.
उरलेले एकोणतीस पुडे आज लावले. झोपायला जागा दाराजवळ. पहिल्या खेपेचे कोंब वीतभर झाले. मोजून झालेले फेकवत नाहीत. डबे, मग तुटका माठ, मग पंक्चरवाल्याने दिलेला एक जुना टायर. टायर भरला.

दुपारी एक ट्रकवाला आत येऊन बसला. शेजारी चाक निघाले होते. पाटीकडे हात करून म्हणाला की मिळेल का. मी म्हणालो की का नाही, त्यासाठीच बसलो आहे. त्यावर तो तासभर बोलला. बायको माहेरी आहे, मुलगी आता फोनवर ओळखतही नाही, असे. मी योग्य त्या ठिकाणी मक्याची माहिती दिली. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. पुडा नेला नाही. शेतीच नाही म्हणाला.

पाटीचा परिणाम होतो आहे. येणारे-जाणारे वाचतात आणि हसतात. मला खिडकीतून दिसते. प्रसन्न वातावरण.

३१ मे, रविवार.
ताई म्हणाली की आता थांबता येत नाही, ओल उडून चाललीय. मी म्हणालो की तीन तारखेला निकाल आहे, फक्त तीन दिवस. ती म्हणाली बरं. हा बरं नेहमीचा नव्हता.

जेवलास का हे विचारायचे विसरली.

३ जून.
संपूर्ण निकाल. सहा हजार दाण्यांतले पाच हजार आठशे अकरा उगवले. एकही पुडा लेबलाच्या खाली नाही. म्हणजे लेबल पहिल्या दिवसापासून खरे होते. आता ते मी छातीठोकपणे सांगू शकतो.

ताईचे पुडे आजच पाठवणार होतो. पण निकालपत्राशिवाय पाठवणे बरे नव्हे. साठ निकालपत्रे सुवाच्य अक्षरात लिहायची आहेत. क्रमाने.

५ जून.
मॅडम आल्या. मी स्वच्छ शर्ट घातला होता, बाही थोडी गुलाबी. आधी त्यांना बसायला जागा करावी लागली, कारण खुर्चीवर सव्वीस ते तीस क्रमांकांचे कोंब होते.

किती विकले असे विचारले. मी म्हणालो की विक्री शून्य, शंका शून्य.

त्यांनी फळीवरचा एक पुडा उचलला. मग दुसरा. मग भराभर सगळे. टाचण्या बघत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या की सगळे फोडलेस? मी पान चौदा दाखवले. त्यांनी ते वाचले, मार्गदर्शिका मिटली आणि म्हणाल्या की अरे, शंका बोलून दूर करायची असते. सील तुटले की ते बियाणे राहत नाही, साधा मका होतो. तो विकता येत नाही. औषध लावलेले आहे, म्हणून खाताही येत नाही. नमुना म्हणून एकच पुडा पुरला असता. नमुना शब्दाचा अर्थ ट्रेनिंगमध्ये सांगितला होता ना?

त्या दिवशी मी ‘नमुना’ला दुसरा उकार का नाही हे विचारायला उठलो होतो. अर्थ तेव्हाच सांगितला असावा.

साठही पुडे माझ्या नावावर लागले. केंद्र खतवाल्याकडे जाईल. मॅडमनी बिल्ला मागितला नाही. मी काढून ठेवला, तर म्हणाल्या की असू दे. निघताना डब्यांतल्या रोपांकडे वळून बघितले आणि म्हणाल्या की वाढवली आहेत मात्र छान.

शेरा सकारात्मक.

७ जून, रविवार.
ताईचा फोन आला नाही. मी केला. घरातले जुनेच पेरले, म्हणाली, एकतीसलाच. निम्मं उगवलं, निम्मं रान मोकळं आहे. रागावली नव्हती. रागावली असती तर बोलायला सोपे गेले असते.

मी मॅडमचे सगळे सांगितले. कोणाला सांगायचे नाही असे ठरवले होते. ती म्हणाली की विकता येत नसतील, पण पेरता येतात ना? मग ते चार पुडे आता तरी दे. मोकळ्या जागी नांग्या भरते.

मग म्हणाली की जेवलास का. मी नाही म्हणालो.

८ जून, सोमवार.
चार पुडे बांधले. निकालपत्रे आत घातली नाहीत. बस पलीकडच्या बाजूला थांबते, म्हणून रस्ता ओलांडला. नियम केल्यापासून पुढच्या दाराने प्रथमच. ड्रायव्हरने पुडे सीटखाली ठेवले. भाडे घेतले नाही.

बस गेल्यावर पाटी समोरून दिसली. पंक्चरवाल्याने तिच्या डाव्या खिळ्याला दोन टायर लटकवले आहेत. पहिल्या दिवसापासूनच असणार. दोन्ही ओळींतले ‘बियाणे’ टायरांमागे गेले आहे. रस्त्यावरून एवढेच वाचता येते:

मित्र
मिळेल

वेलांटी बरोबर आहे.

पाटीखाली पंक्चरवाला आपला आणि माझा, असे दोन ग्लास घेऊन उभा होता. महिनाभर हे वाचत होतास का असे विचारले. हो म्हणाला. मग बोलला का नाहीस? म्हणाला की चूक कुठे आहे त्यात.

टायर काढायला सांगितले नाही. खतवाला पाटी न्यायला उद्या येईल, तोपर्यंत राहू दे. टायरातला मका गुडघ्याएवढा झाला आहे.

हिशेब.
खर्च: पाटी ४२०. रद्दी २० (पंक्चरवाल्याने घेतले नाहीत, तरी लिहितो). टाचण्या १५. टॉवेल व चादर, गुलाबी, धरलेले नाहीत.
जमा: नाही.
देणे, संस्थेस: पुडे ६०, दर ४५ प्रमाणे २,७००.
देणे, पंक्चरवाल्यास: बादल्या दोन. चहा मोजलेला नाही.
देणे, ताईस: मका १२० ग्रॅम. चार पुड्यांतून प्रत्येकी शंभर दाणे मी काढले होते.